तोटी लावलेला वाळूचा फिल्टर : गिरणाकाठच्या एका घराचं प्रकरण

भडगाव तालुक्यातलं गिरणेच्या काठावरचं गाव. घरात आजी, मुलगा, सून आणि दोन नातवंडं. ओसरीच्या कोपऱ्यात, माठाच्या तिवईशेजारी, कमरेच्या थोडं वर येईल एवढं सिमेंटचं चौकोनी खोकं उभं आहे. एका संस्थेनं काही वर्षांपूर्वी त्या गल्लीतल्या घरांना हे वाळूचे फिल्टर बसवून दिले होते. प्रकल्प संपला, संस्था गेली, खोकी राहिली. या घरात मात्र फिल्टर रोजच्या वापरात होता. घरी पाहुणे आले की शेजारच्या बायका इथूनच कळशी भरून न्यायच्या.

आषाढात धाकट्या नातवाला जुलाब लागले. तालुक्याला नेऊन सलाईन लावावं लागलं. परत आल्यावर मुलाचा निकाल तयार होता: हे खोकं काढा, वीस लिटरचा जार लावू. आजीची तक्रार त्याआधीपासूनची. उन्हाळ्यापासून ती म्हणत होती, "पानी आते गोड लागस नही." तिचं कुणी मनावर घेतलं नव्हतं. गावच्या आशाताईंनी मला बोलावलं तेव्हा फिल्टर दाराबाहेर जायच्या बेतात होता. पण भरलेलं खोकं दीडशे किलोंच्या वर जातं, म्हणून ते जागेवर सापडलं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. एका घरातल्या एका मुलाचे जुलाब पाण्यामुळेच झाले, हे सिद्ध करता येत नाही. पावसाळ्यात माश्या असतात, न धुतलेले हात असतात, बाजारातलं उघडं खाणं असतं. त्यामुळे मी आजाराचं कारण शोधायला बसलो नाही. हा फिल्टर आज काम करतो का, नसेल तर कधीपासून आणि का, एवढंच पाहायचं ठरवलं.

खोक्यात काय असतं

वाळूनं पाणी नितळ होतं हे गिरणाकाठच्या माणसाला शिकवावं लागत नाही. नदी आटली की पात्रात झिरा खणायचा, पहिलं गढूळ पाणी उपसून फेकायचं आणि मग हळूहळू पाझरणारं पाणी वाटीनं भरायचं, हे आजीच्या पिढीनं हातानं केलंय. उपशानं वाळू गेली तिथले झिरेही गेले, पण तो विषय निघाला की थांबत नाही, म्हणून इथेच सोडतो.

मोठ्या प्रमाणावरचं संथ वाळूगाळण दोनशे वर्षांहून जुनं आहे. स्कॉटलंडमधल्या पेझ्ली गावात १८०४ साली जॉन गिब या कापड धुलाई कारखानदारानं ते उभारलं. त्याची खरी परीक्षा १८९२ च्या कॉलऱ्यात झाली. हॅम्बुर्ग आणि आल्टोना ही जर्मनीतली लागून असलेली शहरं, दोन्ही एल्ब नदीचं पाणी पिणारी. आल्टोना तर प्रवाहाच्या खालच्या अंगाला, म्हणजे हॅम्बुर्गची घाण पोटात घेतलेलं पाणी उचलणारं. पण आल्टोनाचं पाणी वाळूतून जात होतं आणि हॅम्बुर्गचं जात नव्हतं. हॅम्बुर्गमध्ये आठ हजारांवर माणसं दगावली. आल्टोना बऱ्यापैकी वाचलं.

तिथे पाणी अखंड वाहतं. घरात तसं होत नाही. बादली ओतली की पुढची बादली संध्याकाळी. असं थांबून थांबून चालणारं गाळण कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठातले डेव्हिड मांझ यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जमवलं. आपल्या ओसरीतलं खोकं त्याच घराण्यातलं.

तळाला ६ ते १२ मिलिमीटरची खडी, तिच्यावर बारीक चुरी, दोन्हींचे थर पाच-पाच सेंटिमीटरचे. त्यावर अर्ध्या मीटरहून थोडी जास्त बारीक वाळू. सगळ्यांत वर छिद्रांची ताटली, म्हणजे ओतलेल्या पाण्याच्या धारेनं वाळूला खड्डा पडत नाही. तळातून एक नळी भिंतीच्या आतून वर चढते आणि बाहेर उघडते. तिचं तोंड मुद्दाम अशा उंचीवर ठेवलेलं असतं की पाणी गळायचं थांबतं तेव्हा वाळूवर पाच सेंटिमीटर पाणी उरतं. तीन बोटं पाणी. सगळी करामत या तीन बोटांत आहे.

वाळूच्या वरच्या एक-दोन सेंटिमीटरमध्ये सूक्ष्मजीवांचा थर बसतो आणि तो बसायला महिनाभर लागू शकतो. पाण्यातून येणाऱ्या रोगजंतूंना हा थर खातो. जे निसटतात ते खाली कणांना चिकटतात किंवा अन्न आणि प्राणवायू न मिळाल्यानं मरतात. थर जिवंत राहायला वरून हवा मिळावी लागते. तीन बोटं पाण्यातून ती पोचते, वीतभर पाण्यातून पुरेशी पोचत नाही. आणि वाळू कोरडी पडली तर थर सुकून मरतो. दोन ओतण्यांमध्ये निदान एक तास विश्रांती हवी, पण दोन दिवसांपेक्षा जास्त खंड नको, नाहीतर थर उपाशी राहतो.

लोकांना सहसा न सांगितलेली एक गोष्ट: खोक्याच्या पोटात वाळूच्या फटींमध्ये साधारण बारा लिटर पाणी मावतं आणि वर ओतायला जागाही तेवढीच असते. म्हणजे आज सकाळची बादली आज सकाळी प्यायला मिळत नाही. ती आत जाते आणि रात्रभर वाळूत मुरलेली कालची बादली बाहेर ढकलते. फिल्टर हळू चालतो असं जे वाटतं त्यातलं निम्मं काम तर तो बंद असताना होत असतं.

मुऱ्हाळ्यानं बसवलेली तोटी

फिल्टर पाहिल्याबरोबर दिसलं की नळीच्या तोंडाला एल्बो लावलाय, त्याला हातभर पीव्हीसी पाइप खाली सोडलाय आणि शेवटी निळी तोटी. काम सुबक होतं, टेफ्लॉन टेप नीट गुंडाळलेली, कुठे थेंब गळत नव्हता.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरात लेकी माहेरी आल्या होत्या, पोराबाळांसह. सुनेला तिच्या माहेरी न्यायला तिचा भाऊ मुऱ्हाळी म्हणून आला. तो प्लंबिंगची कामं करतो. त्यानं पाहिलं की फिल्टरला तोटी नाही, पाणी आपल्या मनानं येतं, कळशी भरून वाहते, ओसरीत चिखल. वैशाखात थेंब थेंब मोलाचा असताना पाणी असं वाया जाताना कुणाला पाहवेल? भाच्यांना उभ्या उभ्या पेला भरता यावा म्हणून पाइप खाली आणला आणि तोटी लावली. घरातल्या सगळ्यांना हे आवडलं. मलाही आवडलं असतं.

तोटी बंद असली की ओतलेलं पाणी वर तसंच तुंबून राहतं, वाळूवर तीन बोटांऐवजी वीतभर. जीवांचा थर गुदमरतो. आणि पोरांनी तोटी उघडी टाकली तर दुसरंच होतं. पाइपचं तोंड आता मूळ तोंडापेक्षा खाली आहे, त्यामुळे वक्रनळीसारखा ओढ बसतो आणि पाणी वाळूच्या पातळीखाली उतरतं. वाळूत हवा शिरते. पुन्हा बादली ओतली की ती हवा अडकून बसते. आठवड्यातून चार दिवस बुडायचं आणि एखादा दिवस सुकायचं, असं या थराचं आखाजीपासून चाललं होतं. त्यातच घरात दहा-बारा माणसं, म्हणून बादलीमागून बादली ओतली जात होती आणि वाळूत मुरायला पाण्याला वेळ नव्हता.

पुढचा घाला मृगात पडला. उन्हाळ्यात गिरणा धरणातून पिण्यासाठी आवर्तन सुटतं. कोरड्या पात्रातून ते पाणी येतं तेव्हा पहिला लोंढा सगळी धूळ-कचरा घेऊन येतो आणि गावची विहीर काठावरच आहे. ते गढूळ पाणी दिवसाला अनेक बादल्या ओतून फिल्टर तुंबला, धार सुतासारखी झाली. मुलानं वरची वीतभर वाळू खरवडून फेकली आणि घराच्या प्लास्टरमधून उरलेली वाळू चाळून भरली. धार मोकळी झाली. इतकी मोकळी, की मी काठोकाठ भरून लिटरचं माप लावलं तर ते मिनिटभरात भरलं. चांगल्या फिल्टरला निदान अडीच मिनिटं लागावीत. या मापाला मी सगळ्यांत जास्त मान देतो. ना प्रयोगशाळा लागते ना रसायन, घड्याळ आणि लिटरची बाटली पुरते.

तीन ठिकाणचं पाणी

पाणी खराब आहे असं म्हणून भागत नाही, कुठलं पाणी ते विचारावं लागतं. आम्ही तीन ठिकाणचं घेतलं: ज्या ड्रममधून फिल्टरमध्ये ओततात तिथलं, फिल्टरच्या तोंडाचं आणि माठातलं. तोटी-पाइप काढून, थोडं पाणी वाहू देऊन मगच नमुना. हायड्रोजन सल्फाइडच्या चाचणीच्या छोट्या बाटल्या आशाताईंकडे होत्या. पाण्यात विष्ठेतले जंतू असतील तर बाटली काळी पडते. लवकर काळी पडली तर घाण जास्त, असा ढोबळ अंदाज बांधता येतो, त्यापलीकडे नाही. बाटल्या उबेत ठेवाव्या लागतात, खान्देशात त्यासाठी काही वेगळं करावं लागत नाही.

ड्रमची बाटली दुसऱ्या सकाळी काळी. फिल्टरच्या तोंडाची संध्याकाळी काळी, म्हणजे फिल्टर लुळा झाला होता पण पुरता मेला नव्हता. आणि माठाची? तीही सकाळीच काळी. फिल्टरनं थोडंफार कमावलेलं माठात गेल्यावर गमावलं जात होतं. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. माठाचं तोंड रुंद, झाकण म्हणून परात, वर गडू. आम्ही बोलत होतो तेवढ्यात थोरल्या नातवानं गडू मनगटापर्यंत बुडवून पाणी घेतलं.

तिथे मुलगा पहिल्यांदा गप्प झाला. जार आणला असता तरी पाणी याच माठात ओतलं गेलं असतं.

खात्रीसाठी निर्जंतुक बाटलीत, बर्फात घालून, त्याच दिवशी पोचतील असे नमुने जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवले. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा विष्ठेतून येणारा जंतू आढळताच कामा नये. तिन्ही नमुने नापास झाले. जोडीला नळाच्या शेवटच्या टोकाला ओटी चाचणी केली. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं व्हायला हवं, ते पांढरंच राहिलं. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, विहिरीत पडत होती, पण पुराच्या गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्ची पडतो. रोजच्याच मापानं टाकली तर टोकापर्यंत काही उरत नाही.

दुरुस्ती

तोटी, पाइप, एल्बो निघाले. मुऱ्हाळ्याला फोनवर सगळं समजावलं, कारण त्यानं अशा आणखी एका घरी तोटी लावायचं कबूल केलं होतं.

वाळूचं काम जास्त किचकट. प्लास्टरची वाळू वीतभर खोल, जुनी बारीक वाळू लागेपर्यंत काढली. नवीन कुठून आणायची? सगळे म्हणाले गिरणेची. गिरणेची वाळू बांधकामाला नावाजलेली आहे हे खरं, पण फिल्टरला ती माझी पहिली पसंती नाही. तिचे दाणे बरेचसे एकसारख्या आकाराचे असतात आणि नदीपात्रात जनावरं, माणसं, सांडपाणी सगळंच असल्यानं ती मुळात घाण असते. खडी क्रशरवर काळ्या दगडाची कच मिळते, स्वस्त, जंतूंच्या बाबतीत स्वच्छ, आणि तिच्यात बारीकमोठे सगळे दाणे असतात. ती कोरडी करून ०.७ मिलिमीटरच्या जाळीतून चाळली. जाळीवर राहिलेलं टाकून दिलं, खाली पडलेलं घेतलं.

मग धुणं, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. पाणी पार नितळ होईपर्यंत धुतलं तर बारीक कण वाहून जातात आणि फिल्टर पुन्हा धो धो वाहतो. कमी धुतलं तर धूळ राहून तुंबतो. काचेच्या बरणीत थोडी वाळू आणि स्वच्छ पाणी घालून हलवायचं, थांबायचं आणि तीन-चार सेकंदांनी पाहायचं. पाणी किंचित गढूळ असेल पण त्यातून वाळूचा पृष्ठभाग दिसत असेल, तर धुणं थांबवायचं. सुनेचा हात यात माझ्यापेक्षा बरा निघाला. तांदळाचं धुवण कुठे थांबवायचं हे जिला रोज कळतं तिला ही खूण सांगावी लागली नाही.

खोक्यात आधी पाणी ठेवून मग वाळू सोडली, नाहीतर हवा अडकते. पाणी गळायचं थांबल्यावर बोटं घालून पाहिलं. चार बोटं होतं. आणखी वाळू घातली, तीन झालं. लिटरच्या मापाला आता अडीच मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागला.

नवा थर बसेपर्यंतचा महिना पाणी उकळून प्यायचं ठरलं. त्यानंतरही फिल्टरचं पाणी माठात पडलं की त्यात मेडिक्लोर या क्लोरीनच्या औषधाचे थेंब, बाटलीवर लिहिलेल्या मापानं, आणि अर्धा तास थांबून वापर. नीट चाललेला घरगुती फिल्टर प्रत्यक्ष वापरात साधारण ८८ ते ९८ टक्के जीवाणू अडवतो. विषाणूंच्या बाबतीत त्याचा तितका भरवसा धरता येत नाही. लहान मूल असलेल्या घरात उरलेल्या टक्क्यांचाही विचार करावा लागतो. गाळलेल्या पाण्यात क्लोरीन वाया जात नाही, म्हणून थेंबही कमी लागतात. थेंब फिल्टरच्या आत मात्र कधीच घालायचे नाहीत.

माठ बदलला. बाजारातून तोटीचा माठ आणला. तोटी हवी होती ती इथे.

नळाच्या दिवसाचं गणित

यातून एक पेच उभा राहतो आणि फिल्टर वाटणाऱ्यांनी त्याचा विचार केलेला मला फारसा दिसलेला नाही. आपल्याकडे नळ रोज येत नाही. पावसाळ्यात दिवसाआड, उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी. आणि टीसीएल नीट पडलं असेल तर नळाचं ताजं पाणी क्लोरीनचं असतं. ते फिल्टरमध्ये ओतलं की थरातले जीव मरतात. म्हणजे ग्रामपंचायतीनं आपलं काम चोख केलं तर फिल्टर बिघडणार! बरं, त्या दिवशी काहीच ओतलं नाही तर थर उपाशी.

आम्ही दोन ड्रम ठरवले. नळ आला की ताज्या पाण्यानं पिण्याचा माठ थेट भरायचा, मात्र ओटी चाचणीत पिवळा रंग दिसला तरच. आशाताई ती चाचणी करून दाखवतात. त्या दिवशी फिल्टरला आदल्या खेपेचं, जुन्या ड्रममधलं पाणी घालायचं, कारण साठवलेल्या पाण्यातला क्लोरीन एक-दोन दिवसांत उडून गेलेला असतो. नवं पाणी दुसऱ्या ड्रममध्ये झाकून ठेवायचं आणि पुढच्या दिवसांत फिल्टरमधून काढायचं. सकाळी एक बादली, संध्याकाळी एक. पाहुणे आले तरी तेवढंच. जास्तीचं पाणी उकळायचं.

गढूळ पाण्यासाठी साधी खूण आहे. दोन लिटरची पारदर्शक बाटली भरून वर्तमानपत्राच्या मोठ्या मथळ्यावर उभी ठेवायची आणि वरून तोंडातून पाहायचं. अक्षरं दिसत नसतील तर ते पाणी तसं ओतायचं नाही. तुरटी फिरवून रात्रभर निवळू द्यायचं, वरचं तेवढं घ्यायचं. आणि धार फारच मंदावली तर वाळू काढायची नाही. वर थोडं पाणी ठेवून तळहातानं वरच्या वर घोळायचं आणि झालेलं गढूळ पाणी वाटीनं काढून टाकायचं, धार सुधारेपर्यंत दोन-चार वेळा. त्यानंतर काही दिवस पाण्याला थेंबांचा आधार हवाच.

महिना उलटल्यावर पुन्हा तिन्ही ठिकाणी बाटल्या भरल्या. ड्रमची काळी पडली. फिल्टरच्या तोंडाची आणि माठाची दोन दिवसांनीही पडली नाही.

आजीची तक्रार मात्र अर्धीच मिटली. तिच्या म्हणण्यातला दुसरा धागा नंतर उलगडला: नळाच्या खाड्यात मुलगा शेतातल्या बोअरचं पाणी आणून फिल्टरमध्ये ओतत होता. विरघळलेलं मीठ, कठीणपणा, खतांतून उतरणारं नायट्रेट यातलं काहीच वाळू काढत नाही. नितळ झालेलं खारं पाणी खारंच राहतं. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि तिला सवलत नाही, कारण तान्ह्या बाळांना ते घातक ठरतं. बोअरचा नमुना तपासायला दिला आणि अहवालाची वाट न पाहता ते पाणी गुरांना आणि धुण्याला, एवढंच ठेवलं. शिवाय पाण्याचा उगम सारखा बदलला तर थरालाही पुन्हा जुळवून घ्यावं लागतं.

गल्लीतली बाकीची खोकीही त्याच फेरीत पाहून घेतली. एकावर तुळस लावली आहे, तिथे काही बोललो नाही. एक नळीपाशी चिरलं आहे. त्याची दुरुस्ती नव्या खोक्याच्या खर्चाला जाईल, म्हणून सोडून दिलं. दोन घरांना पुन्हा सुरू करायचं होतं. त्यांच्यासाठी कच चाळायला आजीची सून गेली, आणि तिनं जाताना आपली बरणी बरोबर नेली.